जुन्या यांत्रिक नौकेवरील दिवे व तारा : दोष कसा शोधावा

कोकण किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे भातशेती व मासेमारी असे दोन्ही व्यवसाय करतात. त्यांची नौका पुष्कळदा दुसऱ्याकडून विकत घेतलेली व बरीच वर्षे वापरलेली असते. मालक यंत्राची निगा राखतो, जाळी वेळेवर दुरुस्त करतो. पण दिवे व तारा यांची आठवण मात्र दिवा विझल्यावरच होते. अशा नौकेवर निरनिराळ्या कारागिरांनी निरनिराळ्या वेळी तारा ओढलेल्या असतात, आणि कोणती तार कोठे जाते हे कोणासच ठाऊक नसते. तरीही दोष शोधणे अवघड नाही. त्यासाठी अंदाज सोडून क्रमाने तपासणी करण्याची सवय मात्र लागते.

दिव्यांचे महत्त्व

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, तसेच धुक्यात व दाट पावसात, नौकेवर डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा आणि पिछाडीस पांढरा दिवा लावावा लागतो. यंत्रावर चालणाऱ्या नौकेस याशिवाय डोलकाठीवरही पांढरा दिवा लागतो. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे सांगितले आहे. हे दिवे केवळ आपल्या उजेडासाठी नसून दुसऱ्या तांडेलास आपली दिशा कळावी म्हणून असतात. तांबडा व हिरवा दोन्ही दिसले, म्हणजे नौका समोरून येत आहे असे तो समजतो. तांबडा विझलेला असेल, तर त्याला फक्त हिरवा दिसतो. नौका आडवी जात आहे असे वाटून तो निश्चिंत राहतो. एका विझलेल्या दिव्याची किंमत अशी मोठी असू शकते.

दोष कोठे उत्पन्न होतो

खारी हवा तांब्याची वैरीण आहे. तारेच्या उघड्या टोकातून ओलावा आत शिरतो, तांबे काळे पडते व सांध्यावर हिरवट पूड जमते. अशा सांध्यातून प्रवाह कष्टाने वाहतो. त्यात यंत्राच्या हादऱ्यांची भर पडते. सैल तारा लाकडावर घासतात, वेष्टण झिजते आणि स्क्रू ढिले होतात. म्हणून दोष बहुधा तारेच्या मध्यभागी नसून तिच्या टोकाशी, सांध्यात किंवा दिव्याच्या बैठकीत असतो.

एका सांध्याने किती हानी होते ते पाहा. १२ व्होल्टवर चालणारा २५ वॅटचा बल्ब सुमारे २ अँपिअर प्रवाह घेतो. वाटेतील गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ १ ओहम असला, तरी तेथे सुमारे पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात. तारेच्या बल्बाचा प्रकाश दाबापेक्षा फार वेगाने घटतो; दाब एक दशांशाने उतरला, तर प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. 'दिवा लागतो, पण मिणमिणतो' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

लक्षणांवरून अनुमान

१. सर्वच दिवे बंद : बॅटरी, तिची टोके, मुख्य फ्यूज व मुख्य बटण पाहावे.
२. एकच दिवा बंद : प्रथम बल्ब, मग त्याची बैठक, नंतर तार.
३. दिवा मंद : सांधा गंजलेला किंवा तार बारीक.
४. यंत्र चालू होताच दिवा लुकलुकतो : सांधा सैल.
५. फ्यूज वारंवार जातो : वेष्टण झिजून धन व ऋण तारा एकमेकींस भिडल्या आहेत.
६. एक दिवा लावला असता दुसराही अंधुक पेटतो : दोघांची सामाईक परतीची तार तुटली असून प्रवाह दुसऱ्या दिव्यातून वाट काढीत आहे.

तपासणीचा क्रम

साधा मल्टिमीटर, पाना, पक्कड व बारीक पॉलिशकागद एवढे साहित्य पुरते.

प्रथम बॅटरी पाहावी. काही तास विसावलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या सुमारास ती निम्मी उतरलेली असते. यंत्र चालू असताना आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. तो वाढत नसेल, तर दोष दिव्यांत नसून बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेत आहे. २४ व्होल्टच्या नौकेवर हे आकडे दुप्पट धरावेत.

नंतर दिवा चालू ठेवूनच मापन करावे. येथे पुष्कळांची चूक होते. तारेचा एकच धागा शिल्लक असला, तरी दिवा जोडलेला नसताना मापक पूर्ण १२ व्होल्ट दाखविते, आणि तार निर्दोष आहे असा भ्रम होतो. प्रवाह वाहू लागला म्हणजेच सांध्याचे खरे रूप प्रकट होते. मापकाचे एक टोक बॅटरीच्या धन टोकास व दुसरे दिव्याच्या धन टोकास लावावे. जो आकडा येईल, तेवढा दाब त्या मार्गात वाया जात आहे. हीच कृती ऋण बाजूनेही करावी. १२ व्होल्टच्या नौकेवर दोन्ही बाजू मिळून ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत असावी. ती जास्त आढळल्यास मापकाचे दुसरे टोक एकेक सांधा मागे आणीत जावे. ज्या सांध्यापाशी आकडा एकदम उतरेल, तेथेच दोष आहे.

गेल्या हंगामाच्या आरंभी प्रस्तुत लेखक भातपिकाच्या पाहणीसाठी खाडीकाठच्या एका गावी गेला होता. तेथील एका शेतकऱ्याने आपली नौका दाखविली. "साहेब, तीन बल्ब बदलले, पण तांबडा दिवा काही धरत नाही," असे तो म्हणाला. बल्ब काढून पाहिले, तेव्हा बैठकीत १२ व्होल्ट मिळत होते. बल्ब लावताच आकडा ४ वर आला. धन बाजू निर्दोष निघाली. ऋण तारेचा माग घेत गेल्यावर नाळेजवळील फळीमागे नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली एक जोडणी सापडली. पट्टी सोडताच तार हातात तुटून आली. तो शेतकरी थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "महिनाभर ह्याच दिव्यावर पोरगा रात्री जात होता." तिन्ही बल्ब चांगले होते.

दुरुस्ती

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी व शेवटी जोडावी. भरत्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ ठिणगी वा विडी नसावी. काळी पडलेली तार घासून उपयोग नाही. स्वच्छ तांबे लागेपर्यंत ती कापावी, किंवा पूर्ण बदलावी. नवी तार कथिलाचा मुलामा दिलेली, अनेक बारीक धाग्यांची घ्यावी. दहा मीटर अंतरावरील २५ वॅटच्या दिव्यास २.५ चौरस मिलिमीटरची तार योग्य होय. टोकास लग दाबून बसवावा व त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. केवळ डाग दिलेला सांधा हादऱ्याने तुटतो. तारा दर दीड फुटावर पट्टीने बांधाव्यात. दिव्यात शिरण्यापूर्वी तारेस खाली वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते.

ट्रॅक्टरवर लोखंडी सांगाड्यातूनच प्रवाह परततो. त्या सवयीने काही कारागीर नौकेवरही यंत्रालाच ऋण तार जोडून मोकळे होतात. हे अयोग्य आहे. खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात असा भरकटलेला प्रवाह धातूचे भाग झपाट्याने खातो. नौकेवर प्रत्येक दिव्यास स्वतंत्र परतीची तार असावी.

फ्यूज जात असल्यास मोठा फ्यूज वा तांब्याची तार कदापि घालू नये. फ्यूज जातो तेव्हा तो आपले काम करीत असतो. त्याला अडविले, तर तापलेली तार फळीस आग लावील, आणि भर समुद्रात आगीपासून पळावयास जागा नसते.

उपसंहार

जून व जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते व नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तपासणीस हाच काळ उत्तम होय. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि त्यांचा नकाशा वहीत काढून ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नारळी पौर्णिमेपूर्वी गावातील नौकामालकांस एकत्र करून एका नौकेवर ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. एकदा हाताने केलेले काम विसरत नाही, आणि मग अंधारात परतणाऱ्या नौकेचे दिवे धक्क्यावर वाट पाहणाऱ्या घरच्या माणसांना दुरूनच दिसतील.