मनगटावरचा मुनीम

श्रावकाच्या घरात काळाची मोजणी घड्याळापेक्षा जुनी आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी, पहिला प्रहर सरल्यावर पोरसी, सूर्यास्तापूर्वी चौविहार आणि सामायिकाची पुन्हा ४८ मिनिटे. २४ मिनिटांची एक घटिका आणि दोन घटिकांचा एक मुहूर्त, हा हिशेब यंत्राची टिकटिक सुरू होण्यापूर्वी कित्येक शतके चालत आला आहे. पेढीचा दिवसही असाच वेळेने बांधलेला असतो. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू झाले, म्हणून वेळेचे महत्त्व कमी झाले असे नाही. रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी केलेला भरणा एका तारखेचा आणि त्यानंतर दोनच मिनिटांनी केलेला दुसऱ्या तारखेचा. व्याज आणि विलंब शुल्क तारखेवरच ठरते.

अशा घरात मनगटावरच्या घड्याळाकडे दागिना म्हणून न पाहता मुनीम म्हणून पाहावे. मुनिमाची निवड त्याच्या अंगरख्यावरून कोणी करत नाही. त्याचा हिशेब चोख असावा, अक्षर स्वच्छ असावे आणि तो रोज कामावर यावा, एवढेच पाहिले जाते. घड्याळालाही याच तीन अटी लावाव्यात: वेळ अचूक, तबकडी सुवाच्य आणि बांधणी दणकट.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना घड्याळ हवेच कशाला, असा प्रश्न तरुण पिढी विचारते. मोबाइलची वेळ अचूक असते, यात वाद नाही. परंतु मंदिरात आणि उपाश्रयात तो बाजूला ठेवावा लागतो, मालाची मोजणी करताना हात मोकळे नसतात, आणि वेळ पाहण्यासाठी उघडलेला मोबाइल पाच संदेश वाचूनच बंद होतो. समोर ग्राहक बसलेला असताना मनगटाकडे टाकलेला एक कटाक्ष पुरेसा असतो.

रेल्वेने घालून दिलेली कसोटी

या तीन अटी एकत्र येण्यामागे एका रेल्वे अपघाताचा इतिहास आहे. एप्रिल १८९१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात किप्टन येथे एक प्रवासी गाडी आणि एक टपालगाडी समोरासमोर आदळल्या. टपाल डब्यातील कर्मचाऱ्यांसह अनेकांचा बळी गेला. एका कर्मचाऱ्याचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा आपोआप सुरू झाले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता, असे या अपघाताविषयी सांगितले जाते. बंद पडलेले घड्याळ निदान आपण बंद आहोत हे सांगते. चार मिनिटे मागे पडून पुन्हा चालू लागलेले घड्याळ मात्र विश्वासाने फसवते.

त्यानंतर क्लीव्हलँड येथील जवाहीर वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवण्यात आली आणि त्यातून कडक नियम तयार झाले. आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा अधिक फरक चालणार नाही. तबकडी पांढरी, अंक ठळक व काळे, काटे काळे. घड्याळ आडवे, उभे, उताणे कसेही धरले तरी वेळ बदलू नये, म्हणून किमान पाच स्थितींत त्याची जुळणी केलेली असावी. चुकून धक्का लागून काटे सरकू नयेत, यासाठी वेळ लावण्याचा खटका वेगळा असावा. या यादीत सोने नाही आणि नक्षीही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी रोजच्या वापराचे घड्याळ निवडताना यापेक्षा चांगली यादी शोधावी लागत नाही.

अचूकपणाचा जमाखर्च

चावीच्या किंवा हाताच्या हालचालीने चालणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळाचे चक्र साधारणतः सेकंदाला सहा ते आठ ठोके देते. सेलवरच्या घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी असे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि अचूकपणा व किंमत यांचे जुने नाते तुटले.

हिशेब सोपा आहे. साध्या यांत्रिक घड्याळात दिवसाला २० सेकंदांचा फरक पडला, तर महिन्यात १० मिनिटे होतात. साध्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याला १५ सेकंदांचा फरक पडला, तर वर्षात तीनच मिनिटे होतात. स्वित्झर्लंडमधील सीओएससी या संस्थेच्या प्रमाणपत्राला पात्र ठरणारे महागडे यांत्रिक घड्याळही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे जाऊ शकते. रोज सहा सेकंद म्हणजे महिन्याला तीन मिनिटे. अधिक पैसे दिले म्हणजे वेळ अधिक बरोबर मिळते, हा समज या व्यवहारात खरा ठरत नाही.

काही घड्याळांवर रेडिओ लहरींनी आपोआप वेळ जुळवण्याची सोय लिहिलेली असते. असे संदेश जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका येथील केंद्रांवरून निघतात. महाराष्ट्रात त्यांचा उपयोग होत नाही, म्हणून केवळ त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत. महिन्याच्या पहिल्या तारखेस घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदासह जुळवावे आणि पुढील पहिल्या तारखेस फरक पाहावा. तीन महिन्यांत घड्याळाचा स्वभाव कळतो. दर महिन्याला तेवढाच फरक पडणारे घड्याळ विश्वासार्ह समजावे. कधी पुढे, कधी मागे जाणारे मात्र घड्याळजीला दाखवावे.

अनेक घरांत घड्याळ मुद्दाम पाच मिनिटे पुढे ठेवण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परंतु परिणाम उलटा होतो. पाहणारा मनातल्या मनात पाच मिनिटे वजा करतो आणि कधी सात वजा करतो. हे दोन वह्या ठेवण्यासारखे आहे. घड्याळ खरे ठेवावे आणि सावधगिरीची पाच मिनिटे आपल्या आचरणात ठेवावीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घड्याळातील वेळ संपूर्ण भारतात एकच असते. सूर्यास्त मात्र गावोगावी वेगळा असतो. ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली ही प्रमाणवेळ आहे, आणि प्रत्येक रेखांशामागे सूर्य चार मिनिटे घेतो. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांतील अंतराने सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो. नागपूरचा व्यापारी मुंबईच्या कोष्टकावर चौविहार करू लागला, तर जगातील सर्वांत अचूक घड्याळही त्याचे पच्चक्खाण सांभाळू शकणार नाही. अचूक घड्याळाच्या जोडीला स्थानिक पंचांग हवेच.

एका नजरेत वेळ

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते आणि चष्मा नेमका गल्ल्यावर राहिलेला असतो. म्हणून तबकडी निवडताना दुकानातील झगझगीत दिव्याखाली निर्णय घेऊ नये. घड्याळ हातभर अंतरावर धरावे, दुकानाच्या दाराशी किंवा सावलीत न्यावे आणि चष्म्याशिवाय पाहावे. वेळ मिनिटासह लगेच सांगता आली, तर तबकडी चांगली. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे काटे, प्रत्येक मिनिटाची रेघ, तास आणि मिनिट काट्यांच्या लांबीत स्पष्ट फरक, एवढे पुरे. चंदेरी तबकडीवरचे चंदेरी काटे कपाटात शोभतात, पण संध्याकाळच्या उजेडात नाहीसे होतात. आणि चौविहाराची वेळ नेमकी तेव्हाचीच असते.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आजही ‘रेडियमचे काटे’ म्हणतात, पण आता त्यांत रेडियम नसते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशाचे टोक ओठांनी जुळवीत असत. त्यांपैकी अनेकींना प्राणघातक आजार जडले. आजचा लेप किरणोत्सर्गी नाही. तो उजेड साठवतो आणि काही तास परत देतो. आजोबांच्या काळातील विदेशी घड्याळ घरात असेल आणि त्याच्या अंकांवर पिवळसर-तपकिरी लेप असेल, तर ते स्वतः उघडू नये.

दणकट म्हणजे काय

जपानचे अभियंते किकुओ इबे यांना वडिलांनी दिलेले घड्याळ हातून पडून फुटले. न फुटणारे घड्याळ बनवण्याचा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला. सुमारे २०० नमुने झाल्यावर कॅसिओचे पहिले जी-शॉक १९८३ मध्ये बाजारात आले. बागेत उसळणारा चेंडू पाहून त्यांना युक्ती सुचली होती: यंत्र आवरणात घट्ट न बसवता मोजक्याच बिंदूंवर टेकवून जवळजवळ तरंगते ठेवावे, म्हणजे धक्का आतपर्यंत पोहोचत नाही. गोदामात, बांधकाम साहित्याच्या दुकानात किंवा सतत दुचाकीवर फिरणाऱ्यास अशी बांधणी उपयोगी पडते. गादीवर बसून काम करणाऱ्यास तिची आवश्यकता नाही.

पाण्याविषयी मागच्या झाकणावरील अक्षरे नीट वाचावीत. ३० मीटर लिहिले म्हणजे घड्याळ ३० मीटर खोल नेता येते असा अर्थ नव्हे. ते हात धुताना उडालेले पाणी आणि पावसाचे शिंतोडे सहन करते, एवढेच. पावसाळ्यात रोज भिजणाऱ्याने ५० मीटर आणि पोहणाऱ्याने १०० मीटर पाहावे. आतील रबरी वॉशर काळाने सुकतात. म्हणून सेल बदलताना वॉशर तपासून घ्यावा, आणि गरम पाण्याने अंघोळ करताना घड्याळ काढून ठेवावे.

काच तीन प्रकारची असते. प्लास्टिकची काच लवकर ओरखडते, पण फुटत नाही आणि घासून पुन्हा स्वच्छ करता येते. साधी मिनरल काच त्याहून कठीण असते. नीलमण्याच्या जातीची सफायर काच कठीणपणाच्या मापावर नवव्या क्रमांकावर बसते. धुळीतील वाळूचे कण सातव्या क्रमांकाचे असतात. म्हणून गोदामातील धूळ मिनरल काचेवर रेघा ओढते आणि सफायरवर ओढू शकत नाही. मात्र कठीण काच थेट मार बसल्यास तडकू शकते.

अहिंसेची कसोटी

जैन घराला चौथी अट वेगळी सांगावी लागत नाही. अनेक चांगल्या घड्याळांना चामड्याचा पट्टा असतो. स्टीलचा, नायलॉनचा किंवा रबराचा पट्टा घामात आणि पावसात अधिक टिकतो, म्हणजे येथे धर्म आणि व्यवहार एकाच बाजूला आहेत. पट्ट्याची रुंदी १८, २० किंवा २२ मिलिमीटर अशी प्रचलित असेल, तर कोणत्याही दुकानात पर्याय मिळतो. ‘मदर ऑफ पर्ल’ लिहिलेली तबकडी ही शिंपल्याच्या आतील थराची असते, हेही माहीत असावे. एकेकाळी उत्तम घड्याळांच्या यंत्रांत डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढलेले तेल वापरले जाई. आता त्याची जागा कृत्रिम तेलांनी घेतली आहे.

काही परंपरांत सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी तेउकायाची विराधना टाळण्यासाठी सेलवरची वस्तू अंगावर ठेवत नाहीत. अशा घरांत ४८ मिनिटांचे वाळूचे घड्याळ किंवा चावीचे साधे घड्याळ आराधनेसाठी वेगळे असते. बेंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे बनू लागली. त्यांतील चावीचे एखादे घड्याळ अनेक कपाटांत आजही असेल. साफसफाई करून घेतल्यास ते या कामी पुन्हा येऊ शकते. दिवसाला २० सेकंदांचा फरक ४८ मिनिटांत एक सेकंदही होत नाही. याविषयी आपापल्या गुरुभगवंतांची आज्ञा प्रमाण मानावी.

खरेदी करताना

किमतीचा विचार एका दिवसाचा करू नये, दहा वर्षांचा करावा. साध्या क्वार्ट्झला साधारणतः दोन-तीन वर्षांनी सेल लागतो. उजेडावर चालणाऱ्या सोलर घड्याळाला वारंवार सेल बदलावा लागत नाही. मात्र ते सतत बाहीखाली किंवा खणात राहू नये. यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी तेलपाणी करावे लागते आणि त्याचा खर्च कधी कधी साध्या नव्या घड्याळाइतका होतो. लोहचुंबकापासूनही ते जपावे लागते. स्पीकर किंवा मोबाइलच्या चुंबकी कव्हराजवळ ठेवलेले यांत्रिक घड्याळ एकाएकी धावू लागते. पक्के बिल आणि दुकानाचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. दुरुस्ती आपल्या गावात होते का, हे आधी विचारावे.

सारांश असा, की बहुतेक व्यापारी कुटुंबांतील माणसासाठी ठळक अंकांचे, १०० मीटरचे, स्टीलच्या किंवा रबराच्या पट्ट्याचे क्वार्ट्झ अथवा सोलर घड्याळ पुरेसे आहे, आणि ते माफक किमतीत मिळते. परिग्रहाचे परिमाण ठरवताना घरातील घड्याळेही मोजावीत. लग्नात, वाढदिवसांना आणि कंपन्यांच्या भेटीत आलेली कित्येक घड्याळे खणात बंद पडून असतात. संपलेला सेल आत राहिला तर गळतो आणि यंत्र खराब करतो. ती एकदा बाहेर काढावीत, चांगली असतील ती दुरुस्त करावीत आणि ज्याला घड्याळाची खरी गरज आहे त्याला द्यावीत. दहावीच्या परीक्षेत मोबाइल आत नेता येत नाही. दुकानातील कामगाराच्या मुलाला त्या तीन तासांत साधे काट्यांचे घड्याळ फार उपयोगी पडेल.