केमोनंतरचा ताप साधा नसतो

राहाता-संगमनेरच्या पट्ट्यात कुणाला लिम्फोमा झाला, केमो सुरू झाली, की घरात डाळिंबं येतात. मागोमाग पपईच्या कच्च्या पानांचा रस. उतरलेले ‘काउंट’, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, त्याने चढतील, ही आशा.

काउंट उतरतात ते मात्र अन्न कमी पडल्याने नव्हे. केमोतले सायक्लोफॉस्फामाइड हे औषध पेशीतल्या डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडते. धागे सुटे होत नाहीत, पेशीला दुभंगता येत नाही, ती मरते. सतत वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना हा मार जबर बसतो. पण अस्थिमज्जेत नवे रक्त घडवणाऱ्या निरोगी पेशीही त्यात सापडतात. पांढऱ्या पेशी साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसात तळ गाठतात, मग मज्जा सावरते. लिम्फोमाच्या नेहमीच्या उपचारात दोन डोसांमध्ये 21 दिवस सोडतात ते त्यासाठीच. गरज वाटल्यास डॉक्टर पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन देतात. कच्च्या पानांच्या रसातून जंतू मात्र पोटात जाऊ शकतात.

पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या दिवसांत ताप आला, तर ‘केमोची उष्णता आहे, सकाळी बघू’ म्हणतात. हा समज जिवावर बेततो. लढायला पांढऱ्या पेशीच नसल्याने पू, सूज अशी खूण दिसत नाही. ताप हीच अनेकदा एकमेव खूण असते. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे मध्यरात्र असली तरी रुग्णालय. अँटिबायोटिक शिरेतून, तेही विनाविलंब द्यावे लागते. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, संसर्ग तसाच राहतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीवर राहणाऱ्याने गाडी आधीच सांगून ठेवावी.

लाल लघवीचीही भीती असते. केमोत सोबत दिल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिन या औषधामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पण नंतरही लाली राहिली, जळजळ झाली, तर लगेच कळवावे. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशय सोलवटू शकते. म्हणून भरपूर पाणी, वारंवार लघवी.

‘केमो म्हणजे विषच’ यात तथ्य आहे. सायक्लोफॉस्फामाइडचे मूळ युद्धातल्या मस्टर्ड वायूत आहे. 1942 साली येल विद्यापीठात त्याच्या भाऊबंदाने लिम्फोमाची गाठ वितळताना दिसली. सायक्लोफॉस्फामाइडला अमेरिकेत 1959 मध्ये मान्यता मिळाली. तेव्हापासून मात्रा आणि अंतर मोजूनच ते देतात.

औषध जुने आहे, तुलनेने स्वस्तही. केमोथेरपी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. जमीन गहाण टाकण्याआधी, पहिल्या डोसापूर्वीच, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवा.