पान माणूसच उलटतो

पुस्तक स्कॅन करण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे त्याची शिवणीकडची बाजू कापायची आणि सुटी पानं यंत्रात सोडायची. काम भराभर होतं, पण पुस्तक उरत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीत हे चालेल. ज्याची एखाददुसरीच प्रत शिल्लक आहे, त्याचं काय करायचं?

‘इंटरनेट अर्काइव्ह’चं ‘स्क्राइब’ हे यंत्र अशा पुस्तकांसाठी आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन केलेली ही ना-नफा संस्था ग्रंथालयांची पुस्तकंही स्कॅन करून देते.

यंत्राची रचना साधी आहे. पोथीच्या ठवणीसारख्या खोबणीत पुस्तक अर्धवटच उघडतं, त्यामुळे बांधणीवर ताण येत नाही. वरून तशाच कोनातली काच पानांवर टेकते आणि दोन कॅमेरे समोरासमोरची दोन्ही पानं टिपतात. पायाखालचं पेडल दाबलं की काच आणि पुस्तक एकमेकांपासून सुटतात, मग पान उलटायचं. ते माणूसच हातानं उलटतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला जुना आम्लयुक्त कागद ठिसूळ झालेला असतो. कुठे दोन पानं चिकटलेली असतात, कुठे घडीचा नकाशा असतो. हे बोटांना आधी कळतं.

पुढचं काम संगणकावर चालतं. पानांच्या कडा छाटणं, राहिलेलं पान शोधणं, शीर्षक-लेखक-प्रकाशनवर्ष नोंदवणं आणि चित्रातला मजकूर ओळखून तो शोधता येईल असा करणं. मराठीत ही शेवटची पायरी अवघड आहे. झिजलेल्या खिळ्यांचा छाप, जोडाक्षरं आणि पुसट अनुस्वार यांवर संगणक अडखळतो. म्हणून मराठी ग्रंथाचं मुद्रितशोधन माणसानंच करायला हवं. ते टाळलं तर शोधणाऱ्याला पुस्तकातला मजकूर नीट सापडणार नाही.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांनी हयातीत छापलेलं साहित्य आज सर्वांसाठी खुलं आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र वेगळ्या हक्काच्या असू शकतात.

गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटांत अशी पुस्तकं आजही आहेत. कार्यकारिणीनं यादी करावी, दुर्मीळ प्रती वेगळ्या काढाव्यात आणि स्कॅनिंगचं काम देताना पहिली अट लिहून घ्यावी : पुस्तक कापायचं नाही, जसं दिलं तसं परत मिळालं पाहिजे.