विहिरीवरची पेटी जळाली, आता कोणती घ्यायची?

मैत्रिणींनो, मे महिना उतरायला लागला की आपल्या पाचोरा भागात दोन गोष्टी एकदमच होतात. कपाशी लावायची घाई सुरू होते आणि विहिरीचं पाणी वर्षभरातलं सगळ्यात खाली गेलेलं असतं. मोटारी जळतात त्या याच दिवसांत, आणि मोटारीबरोबर स्टार्टरची पेटीही जळते. मग घरातलं कुणीतरी मोटारसायकल काढून दुकानात जातं. दुकानदार विचारतो, "साधी देऊ, डिजिटल देऊ, की मोबाईलवाली?" पाणी तर आजच भरायचं असतं, म्हणून जी समोर दिसेल ती घेऊन माणूस घरी येतो.

ती पेटी चालू-बंद करणारा हात मात्र पुष्कळदा आपला असतो. घरधनी बाजार समितीत किंवा कामाला बाहेर गेलेला असतो, आणि लाइट आली की मळ्यात पळतो आपण. म्हणून पेटी कोणती घ्यायची हे ठरवताना आपलंही बोलणं हवं. त्यासाठी आत काय असतं ते समजून घ्यायला हवं. रेडिओवर हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे जरा निवांत सांगतो.

झाकणाच्या आत मुख्य तीन-चार वस्तू असतात. हिरवं बटण दाबलं की एका छोट्या कॉइलमध्ये वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं आणि ते कॉन्टॅक्टर नावाचा जाड खटका ओढून धरतं. त्या खटक्यातून मोटारीला तिन्ही फेज मिळतात. वीज गेली की लोहचुंबकाची पकड सुटते, खटका उघडतो आणि मोटार थांबते. वीज परत आली तरी पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटार चालू होत नाही. ही गैरसोय वाटते खरी, पण ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. पुढे 'ऑटो'बद्दल बोलू तेव्हा हे लक्षात ठेवा. कॉन्टॅक्टरच्या खाली रिले असतो. मोटार ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढायला लागली की तो गरम होऊन मोटार तोडतो. आणि चांगल्या पेटीत फेज प्रिव्हेंटर असतो. एखादा फेज गेला तर तो मोटार बंद करतो.

नवी पेटी घेण्याआधी जुनी का जळाली हे वायरमनला विचारा. हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून त्याच विहिरीवर दोन-तीन वर्षांत पुन्हा पेटी जळते. नुसता एखादा स्क्रू काळा पडून त्याभोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल, तर तिथली वायर सैल होती. सैल जोडात उष्णता तयार होते, एवढंच त्याचं कारण. तिथे सगळी पेटी बदलायची गरज नसते. कॉइल जळली असेल तर बहुतेक वेळा व्होल्टेजची गडबड असते. व्होल्टेज कमी असलं की खटका धड चिकटत नाही, पेटीतून घुर्रर्र आवाज येतो आणि कॉइल तापत राहते. कॉइल सुटी मिळते, कॉन्टॅक्टरही सुटा मिळतो. आणि कधी कधी आत भाजलेली पाल सापडते. हसण्यावारी नेऊ नका. केबल आत येते त्या भोकातून पाली, मुंग्या, गांधीलमाशा घर करतात आणि दोन फेजच्या मध्ये पाल आली की तिच्यासोबत पेटीही जाते. ते भोक नीट बुजवणारी रबरी कडी अगदी स्वस्त असते.

मोटारच जळाली असेल तर मात्र नीट चौकशी करा. आपल्याकडे मोटारी जळण्याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं म्हणजे फेज जाणं. तीन बैलांचं ओझं दोन बैलांनी ओढावं तसं होतं. मोटार गुणगुणते, जोर लावते, उरलेल्या दोन फेजमधून कितीतरी जास्त वीज ओढते आणि आतलं वाइंडिंग काळं पडतं. प्रिव्हेंटर याच्यासाठीच असतो. पण गंमत अशी की पुष्कळ पेट्यांमध्ये प्रिव्हेंटर असूनही नसल्यासारखा असतो. तीन फेज नसताना दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवायची असते, तेव्हा प्रिव्हेंटर आडवा येतो. मग वायरमन म्हणतो, "प्रिव्हेंटर डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट केला की मोटार उघडी पडली. त्या दिवशी पाणी मिळतं हे खरं. पण नंतर कधीतरी रात्री फेज जातो तेव्हा मोटार वाचवायला कुणी नसतं. नवी पेटी आणली की वायरमनला स्पष्ट विचारा, "प्रिव्हेंटर चालू ठेवलाय ना?" आणि समोर तपासून घ्या. मेन स्विच बंद करून त्यानं एका फेजचा फ्यूज काढायचा, मेन परत चालू करून बटण दाबायचं. मोटार चालू व्हायला नको. हे काम वायरमनचंच, आपण फक्त उभं राहून बघायचं.

दुसरं कारण म्हणजे कोरडी चालणं. विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी संपलं आणि मोटार फिरतच राहिली तर तिला थंड करायला पाणी नसतं. पाण्यातल्या मोटारीला म्हणजे सबमर्सिबलला भोवतालचं पाणीच थंड ठेवतं, तेव्हा तिचं तर फार लवकर वाटोळं होतं. इथे साधा रिले उपयोगाचा नाही, हे बऱ्याच जणींना नवीन वाटेल. रिले जास्त वीज ओढली तर तोडतो. कोरडी मोटार उलट कमी वीज ओढते, कारण तिच्यावर पाणी उचलण्याचं ओझंच नसतं. म्हणजे रिलेला सगळं आलबेल दिसतं आणि मोटार भाजत असते. यासाठी 'ड्राय रन' संरक्षण असलेली पेटी लागते. ती वीज कमी झालेली ओळखून मोटार तोडते, किंवा विहिरीत सोडलेल्या वायरींवरून पाण्याची पातळी ओळखते. गिरणाकाठच्या भरल्या विहिरीला याची निकड कमी. पण जिची विहीर तासाभरात उपसते, जिचा बोअर उन्हाळ्यात हवा ओढतो, तिनं बाकी काही नसलं तरी चालेल पण हे घ्यावंच. मोटार भरून आणायचा खर्च आणि पेटीतला फरक दुकानात शेजारी शेजारी लिहून बघा. भरणावळ एकट्याचीच नसते. मोटार बाहेर काढायची मजुरी आणि तेवढे दिवस वाळलेलं पीकही त्यात येतं.

आता 'ऑटो'कडे येऊ. लाइट आली की आपोआप मोटार चालू करणारा हा स्विच सगळ्यांना हवासा वाटतो. का वाटतो हे आम्हाला ठाऊक आहे. शेतीला वर्षानुवर्षं पाळीपाळीनं वीज मिळाली, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्री दोनला बांधावरून, विंचू-काट्यातून जायला कुणाला आवडेल? तरीही महावितरण सतत सांगत असतं की ऑटो स्विच काढा. त्यामागचा हिशेब साधा आहे. ५ एचपीची मोटार चालताना प्रत्येक फेजवर साधारण साडेसात अँपिअर वीज घेते, पण चालू होण्याच्या क्षणी त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअर. एका १०० केव्हीएच्या डीपीवर अशा १५ मोटारी आहेत असं धरा. सगळ्या चालू असताना होतात ११२ अँपिअर, आणि डीपीची ताकद आहे १३० ते १४०. ठीक चाललं. पण सगळ्यांचे ऑटो लावलेले असतील आणि लाइट आली, तर एकाच क्षणी मागणी होते ६७५ अँपिअरची. व्होल्टेज कोसळतं, एकही मोटार नीट वेग घेत नाही, फ्यूज उडतात आणि कधी डीपीच जळते. मग ऐन पाण्याच्या दिवसांत नवी डीपी येईपर्यंत सगळे हात चोळत बसतात. हाताने बटण दाबताना हे होत नाही, कारण कुणी आधी पोहोचतं, कुणी नंतर.

ऑटो ठेवायचाच असेल तर उशीर लावता येणारा घ्या. लाइट आल्यावर किती वेळाने मोटार चालू व्हावी हे अशा पेटीत ठरवता येतं. मग एका डीपीवरच्या घरांनी बसून वाटून घ्यायचं: पहिलीची दोन मिनिटांनी, दुसरीची चार, तिसरीची सहा. हे काम बचत गटासारखी बैठक करू शकते, एकट्यादुकट्याच्या हातचं नाही. सोबत प्रत्येकीनं कपॅसिटर बसवला तर लाइनवरचा भार आणखी कमी होतो. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा लागतो.

मोबाईलवरच्या पेटीची कल्पना आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी लहानपणी आजोबांना रात्री-अपरात्री मोटारीसाठी शेतात चालत जाताना पाहिलं होतं. पुढे त्यांनी फोनवरून मोटार चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' तयार केलं, आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आता अशा पेट्या अनेक कंपन्या करतात. लाइट आली का, मोटार चालू झाली का, हे त्या फोनवर कळवतात. रात्रीची चक्कर वाचते, आणि ती फार मोठी गोष्ट आहे.

घेण्याआधी मात्र विहिरीवर उभं राहून रेंज बघा, घरात नाही. पेटीत कोणतं सिम चालतं ते विचारा. काही पेट्या जुन्या टू-जीवरच चालतात, त्यांत जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. सिमचा रिचार्ज संपला की पेटी मुकी होते, तो खर्च दर वेळी कोण करणार हे आधी ठरवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटीत कुणाकुणाचे नंबर टाकायचे? बहुतेक पेट्यांत एकाहून जास्त नंबर बसतात. पण बसवणारा घरधन्याचा नंबर टाकून निघून जातो. मग मालक गावाला गेला की त्यांना फोन करून, त्यांनी मोटारीला फोन करून, अशी वरात निघते. आपला नंबर त्याच दिवशी टाकून घ्या आणि बसवणारा तिथे असतानाच एकदा आपल्या फोनवरून मोटार चालू-बंद करून बघा. साधा बटणाचा फोन असला तरी चालणारी पेटी मिळते. ॲपच पाहिजे असं नाही. आणखी एक, फोनवरून मोटार बंद केली म्हणजे वीज बंद झाली असं मुळीच नाही. कुणी मोटारीला किंवा केबलला हात लावणार असेल तर मेन स्विच खाली केलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी फोन यायचा.

ज्यांच्याकडे सरकारी योजनेतला सौर पंप आहे त्यांनी यातलं काही करू नये. त्याची पेटी म्हणजे कंट्रोलर वेगळाच असतो, तिथे साधा स्टार्टर चालत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. तेव्हा झाकण न उघडता कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

दुकानात जाताना जुन्या मोटारीवरच्या पाटीचा फोटो घेऊन जा. त्यावर एचपी आणि अँपिअर असतात. पाटीवर साडेसात अँपिअर असेल तर ६ ते १० च्या पट्ट्यातला रिले ठीक. त्याहून मोठा रिले 'पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून देत असतील तर घेऊ नका, तो वेळेवर तोडणारच नाही. पेटीतून मोटारीकडे जाणाऱ्या वायरी मोजा. तीन असतील तर साधा म्हणजे डीओएल स्टार्टर, सहा असतील तर स्टार-डेल्टा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पेटीचा नंबर लिहून मागा.

पेटी कुठे बसवायची तेही आपण सांगायचं. पुष्कळ ठिकाणी ती पुरुषाच्या उंचीला, पाणी साचणाऱ्या जागेपलीकडे असते, आणि आपण ओल्या पायांनी टाचा उंचावून बटण दाबतो. आपल्या खांद्याच्या उंचीला, वर पत्रा आणि खाली कोरडी फळी किंवा ओटा, अशी जागा करून घ्या. पेटीआधी ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा ब्रेकर लावला तर शॉक बसताच तो क्षणात वीज तोडतो. रिले आणि प्रिव्हेंटर मोटार वाचवतात, माणूस वाचवणारा हा एकटा. तो वरचेवर पडत असेल तर तो 'डायरेक्ट' करायचा नाही, केबल कुठे सोलली आहे ते शोधायचं. अर्थिंगची तार जोडलेली आहे ना, हेही डोळ्यांनी बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं.

झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा: पेटी बसवल्याची तारीख, रिले किती अँपिअरवर लावला तो आकडा, वायरमनचा फोन, आणि महावितरणचा १९१२.