बिऱ्हाडे राहती ठेवून घरदुरुस्ती

आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांच्या वडिलार्जित वाड्यांत भाडेकरू दोन-दोन पिढ्या नांदत आहेत. अशा वाड्याचे छप्पर वा तुळया बदलण्याची वेळ आली म्हणजे माणसे घरात असता काम कसे उरकावे, हा प्रश्न मालकापुढे उभा राहतो. या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. तीपासून मिळालेला धडा इतरांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

बेळगावातील आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत. सन २००४ च्या मे महिन्यात मी कौलांचे काम काढले. "पावसाळ्यापूर्वी करून घेऊ," यापलीकडे भाडेकरूंना काही सांगितले नव्हते. मजुरांनी एका दिवसात एक संपूर्ण पाखे उघडे केले, आणि त्याच सायंकाळी वळीव कोसळला. खाली राहणाऱ्या शिक्षकांच्या घरातील वर्षाची ज्वारी व तांदूळ भिजून गेले. ज्याने सारे आयुष्य वखारीत पोत्यांखाली फळ्या घालून धान्य राखले, त्याच्याच हातून दुसऱ्याचे धान्य नासले! मी दोन पोती पाठविली. ती त्यांनी दाम मोजूनच ठेवून घेतली. ते म्हणाले, "शेटजी, पाऊस आपल्या हाती नव्हता. पण आज कौले उतरणार हे आदल्या दिवशी कळते, तर आम्ही धान्य हलविले असते." ते शब्द मला आजही बोचतात.

पुढे सन २०११ मध्ये दुसरे पाखे व तुळया बदलताना मी निराळी रीत धरली. प्रथम गवंडी व सुतार यांना घेऊन प्रत्येक बिऱ्हाडात गेलो. कोठे गळते, कोणता वासा करकरतो, हे तेथे राहणारासच ठाऊक असते. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक अवश्य ठोकून पाहावे. मध्यभाग सुदृढ दिसला तरी ओल व वाळवी बहुधा तेथूनच शिरते.

काम दिवाळीनंतर काढावे व वळवाचे दिवस येण्यापूर्वी संपवावे. कोणत्या तारखेस कोणती खोली लागेल, याचा कागद प्रत्येक बिऱ्हाडास आठ दिवस आधी द्यावा. घरात परीक्षेचा विद्यार्थी, बाळंतीण अथवा दम्याचा रोगी असल्यास तारखा त्यांच्या सोयीने बदलाव्या. मी वखारीची पुढील खोली रिकामी केली व एकेक बिऱ्हाड पाळीपाळीने तेथे हलविले. जितके दिवस खोली वापरता आली नाही, तितक्या दिवसांचे भाडे सोडले.

कामाचा क्रम वरून खाली असावा: आधी छप्पर, मग भिंती, शेवटी जमीन. थप्पीतील खालचे पोते ओढले तर वरची सारी ढासळतात, हे आपणांस सांगावयास नको. तसेच टेकू भक्कम बसल्यावाचून जुन्या तुळईस हात लावू नये. सायंकाळपर्यंत झाकता येईल तेवढेच छप्पर सकाळी उघडावे व ताडपत्री जवळ ठेवावी. जिन्यावर वाळू-विटा रचू नयेत. सर्व शौचकूप एकाच वेळी बंद करू नयेत, आणि नळ तोडण्यापूर्वी पाणी भरून घेण्यास अवधी द्यावा. मातीच्या वा चुन्याच्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊ नये. आतील ओल कोंडते व गिलावा सुटतो. तेथे चुनाच उत्तम.

कायद्याचेही भान हवे. ज्यांच्या मिळकती कोल्हापूर-सांगलीकडे आहेत, त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या १४ व्या कलमान्वये इमारत सुस्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य होय. त्याने हयगय केल्यास भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी मुदतीनंतर स्वतः दुरुस्ती करू शकतो व खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नाही. जागा रिकामी झाल्यावाचून दुरुस्ती अशक्यच असेल, तर न्यायालयाकडून ताबा मागता येतो. परंतु काम संपल्यावर परत येण्याचा हक्क भाडेकरूस राहतो. दुरुस्तीचे निमित्त करून पाणी वा वीज तोडणे हा गुन्हा ठरू शकतो. कर्नाटकाचा कायदा वेगळा आहे, यास्तव येथील बंधूंनी आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

दुसऱ्या खेपेस काम अडीच महिने चालले, पण एकाही बिऱ्हाडाची तक्रार आली नाही. शिक्षकांनी तर वखारीत जाताना धान्याचे डबे माझ्याच स्वाधीन केले. लाकूड व कौले यांवर झालेला खर्च वहीत मांडला आहे. हा विश्वास मात्र कोणत्या खात्यावर जमा धरावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.