ठिपका हरवलेले अक्षर

‘मद’ आणि ‘मंद’ यांत अंतर एका ठिपक्याचे. पेशीच्या लिपीतही असे ठिपके आहेत. डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरली, की विकरे तिच्या काही अक्षरांना छोटे रासायनिक गट जोडतात. अशा खुणांचे दीडशेहून अधिक प्रकार आज ठाऊक आहेत. अक्षर तेच राहते, वाचन बदलते. ठिपका पडायचाच राहिला तर काय होते, हे ‘मेलास’ या आजारात फार स्पष्ट दिसते.

या आजाराला १९८४ मध्ये नाव मिळाले. बहुधा लहानपणी किंवा ऐन तारुण्यात डोकेदुखी, उलट्या, फिट्स सुरू होतात. मग पक्षाघातासारखे आघात येऊ लागतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी मात्र तुंबलेली नसते. दोष असतो पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात. त्यांचा ३७ जनुकांचा स्वतंत्र डीएनए असतो आणि तो आईकडून येतो. १९९० मध्ये जपानी संशोधकांना त्यात ३२४३व्या स्थानी ‘ए’ऐवजी ‘जी’ सापडला. बहुसंख्य रुग्णांत हाच बदल असतो.

कोडे पुढेच होते. हे स्थान ल्युसीन हे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या ट्रान्सफर आरएनएच्या जनुकात आहे. हा रेणू तीन अक्षरांच्या टोकाने संदेश वाचतो. बदललेले अक्षर त्या टोकापासून दूर. वाचणारी तिन्ही अक्षरे शाबूत. मग बिघडले कुठे?

टोकियोतील त्सुतोमु सुझुकी आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. वाचणाऱ्या तिघांतील पहिल्या ‘यू’वर एरवी टॉरीनचा अंश चिकटलेला असतो. होय, एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ज्याचे नाव असते तेच टॉरीन. १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तात सापडले, म्हणून लॅटिनमधल्या बैलाचे नाव त्याला मिळाले. मेलासच्या रेणूवर हा अंश नसतो. पण दोष नेमका कशाचा, अक्षरबदलाचा की हरवलेल्या खुणेचा? २००४ मध्ये त्यांनी मूळ अक्षर बरोबर, पण खूण नसलेला रेणू जोडून तयार केला. तो ‘यूयूए’ वाचू शकला, ‘यूयूजी’पाशी अडला. मला या साऱ्या संशोधनात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. श्वसनसाखळीतील एनडी६ या प्रथिनाच्या संदेशात ‘यूयूजी’ वारंवार येतो. ते प्रथिन अपुरे बनते आणि ऊर्जेची साखळी ढिली पडते.

मग टॉरीनच भरपूर दिले तर? जपानमध्ये दहा रुग्णांना वर्षभर मोठ्या मात्रेत ते देण्यात आले. सहा जणांना त्या काळात एकही आघात आला नाही. निम्म्यांच्या पांढऱ्या पेशींत हरवलेली खूण वाढलेली आढळली. २०१९ मध्ये तिथे या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्ण मोजके होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पण डीएनएतली चूक जागच्या जागी असताना हे घडले.