वारशावर कर लावणे न्याय्य आहे का? आधी कोणाकडे पाहायचे ते ठरवू या

2024 च्या लोकसभा निवडणुकीत सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा उल्लेख केला आणि दोन दिवसांत घराघरात त्याची चर्चा सुरू झाली. आईवडिलांची अर्धी मालमत्ता सरकार नेणार, अशा अर्थाचे मेसेज मोबाईलवर फिरू लागले. हे पक्षाचे मत नाही, असे काँग्रेसने सांगितले. निवडणूक संपली, चर्चाही थांबली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. बापाने कमावलेले मुलाला मिळताना सरकारने त्यातला वाटा मागावा का? मागितला तर तो इन्साफ की जुलूम?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू या. आज भारतात वारसा कर नाही. वडिलांचे घर, बँकेतली ठेव, दागिने, शेअर्स वारसाला मिळाले तर त्या मिळण्यावर एक रुपयाही आयकर लागत नाही. घर भाड्याने दिले तर भाडे हे उत्पन्न धरतात. घर विकले तर नफ्यावर कर लागतो आणि तो नफा वडिलांनी ज्या किमतीला घर घेतले तिथपासून मोजतात. मालमत्ता खूप जुनी असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरण्याची सोय आहे. पण विकलेच नाही तर काहीच द्यावे लागत नाही.

हा कर आपल्याकडे 32 वर्षे होता

आजच्या तरुणांना हे माहीत नसते. 1953 साली संसदेने इस्टेट ड्यूटीचा कायदा केला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख. 15 ऑक्टोबर 1953 पासून कायदा लागू झाला. माणूस वारला की त्याच्या मागे राहिलेल्या एकूण मालमत्तेची किंमत काढायची, ठराविक रकमेपर्यंत सूट द्यायची आणि त्यावरच्या रकमेवर टप्प्याटप्प्याने कर घ्यायचा, अशी पद्धत होती. हेतू दोन होते. संपत्ती मोजक्या घराण्यांत साचू नये आणि राज्यांना विकासासाठी पैसा मिळावा.

पुढे दर वाढत गेले. 20 लाखांच्या वरच्या भागावर तर 85 टक्क्यांपर्यंत कर होता. म्हणजे त्या भागातल्या प्रत्येक 100 रुपयांपैकी वारसांच्या हातात फक्त 15 राहायचे. एवढा कडक कर असताना तिजोरीत किती यायचे? वर्षाला साधारण 20 कोटी. 1985 मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हा कर बंद केला, तेव्हा हेच कारण दिले. वसुली थोडी, ती करण्याचा खर्च जास्त आणि एकाच मालमत्तेवर संपत्ती कर व इस्टेट ड्यूटी असे दोन वेगळे कायदे, त्यामुळे लोकांना त्रास. 16 मार्च 1985 पासूनच्या मृत्यूंना हा कर लागला नाही. नंतर 1998 मध्ये भेट कर गेला आणि 2015 च्या अर्थसंकल्पाने संपत्ती करही गेला.

संविधानातली तरतूद मात्र अजून आहे. शेतजमीन सोडून इतर मालमत्तेवर असा कर लावण्याचा अधिकार केंद्राच्या यादीत आहे, शेतजमिनीबाबतचा राज्यांच्या यादीत आहे. म्हणजे संसदेने ठरवले तर हा कर पुन्हा येऊ शकतो. म्हणून त्याचा न्याय-अन्याय आपल्याला कळायला हवा.

एकाच कराकडे पाहण्याच्या दोन बाजू

कराला विरोध करणारे मरहूम व्यक्तीकडे बघतात. त्यांचे म्हणणे असे की माणसाने घाम गाळून कमावले, आयकर भरला, उरले त्यातून घर बांधले. पोटाला चिमटा काढला तो मुलांसाठी. आता तो गेला म्हणून पुन्हा कर? ही तर दुहेरी वसुली झाली. शिवाय ज्याने सगळे उडवून टाकले त्याला काही नाही आणि ज्याने साठवले त्यालाच भुर्दंड. या म्हणण्यात दम आहे.

कराच्या बाजूचे लोक वारसाकडे बघतात. ते विचारतात, या मुलाने काय केले? मजूर दिवसभर राबून मिळवतो, शिक्षक पगार घेतो, दोघेही साबणापासून पेट्रोलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरतात. आणि ज्याला काही न करता कोट्यवधी मिळतात, तोच तेवढा करमुक्त? राहिला दुहेरी कराचा प्रश्न. मोठ्या मालमत्तेचा बराचसा भाग कमाईतून आलेला नसतोच, तो भाव वाढल्यामुळे तयार झालेला असतो. शहराच्या कडेला पन्नास वर्षांपूर्वी काही हजारांत घेतलेली जमीन आज कोटींत जाते. रस्ता सरकारने केला, वस्ती लोकांनी वाढवली. त्या वाढीवर आजवर कोणीच कर भरलेला नाही. या म्हणण्यातही दम आहे.

वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे एकूण संपत्तीचा 40 टक्के हिस्सा होता. त्यांनी 10 कोटींच्या वरच्या संपत्तीवर 33 टक्के वारसा कर सुचवला. त्यांच्याच हिशेबाने एवढी संपत्ती असलेले प्रौढ 0.04 टक्के आहेत, म्हणजे दहा हजारांत चार. आता तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी या चौघांत किती बसतात, याचा विचार ज्याने त्याने करावा.

हिशेब माणसांवर की मालमत्तेवर?

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. वारशावरचा कर दोन प्रकारे घेता येतो. एक, मय्यतीच्या एकूण मालमत्तेवर. ब्रिटन आणि अमेरिका हेच करतात आणि आपली इस्टेट ड्यूटीही अशीच होती. दुसरा, प्रत्येक वारसाला मिळालेल्या हिश्शावर. जर्मनीत अशी पद्धत आहे. तिथे आईवडिलांपैकी एकाकडून मिळालेल्या 4 लाख युरोंपर्यंत प्रत्येक मुलाला सूट आहे.

फरक काय पडतो? मी शाळेत गणित शिकवते, म्हणून उदाहरण घेऊनच सांगते.

समजा एक गृहस्थ वारले. दफनविधीचा खर्च आणि कर्ज भागवून 2 कोटी 40 लाख उरले, वसीयत नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. आपल्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे 30 लाख. उरले 2 कोटी 10 लाख. मुलाचे दोन आणि मुलीचा एक असे सात भाग केले तर एक भाग 30 लाखांचा. प्रत्येक मुलीला 30 लाख, प्रत्येक मुलाला 60 लाख. शेजारच्या घरातही तेवढीच मालमत्ता आहे, पण वारस एकच मुलगा. त्याला पूर्ण 2 कोटी 40 लाख.

आता 1 कोटीपर्यंत सूट आणि वर 10 टक्के कर, असा काल्पनिक नियम धरा. एकूण मालमत्तेवर कर असेल तर दोन्ही घरांना 14-14 लाख भरावे लागतील. हिश्शावर कर असेल तर पहिल्या घरात कोणाचाच हिस्सा 1 कोटीला पोचत नाही, म्हणून कर शून्य. शेजारचा एकटा वारस 14 लाख भरेल.

यातला कोणता कर इन्साफाच्या जवळचा? कराचा हेतू संपत्ती साचू नये हा असेल, तर जिथे ती सहा जणांत वाटली गेली तिथे अर्धे काम आधीच झालेले आहे. कुरआनमध्ये सूरह निसात हिस्से ठरवून दिले आहेत, वसीयतीला एक तृतीयांशाची मर्यादा आहे आणि सूरह हश्रमध्ये संपत्ती केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये असा हेतू सांगितला आहे. सरकारी कर शरीअतच्या नजरेने कितपत योग्य, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निर्णय देणे माझे काम नाही. नागरिक म्हणून मी एवढेच म्हणेन की उद्या हा कर परत आणायचाच असेल, तर तो माणशी हिश्शावर असावा, मालमत्तेच्या ढिगावर नको.

विधवेचे घर विकायची वेळ येऊ नये

दुसरी अट सूट किती, याची. घराची किंमत मोठी पण हातात रोकड नाही, अशी असंख्य घरे आहेत. मुंबईत दोन खोल्या असलेली विधवा कागदावर श्रीमंत असते, पण महिन्याचे वीजबिल भरताना तिची ओढाताण होते. कर भरण्यासाठी राहते घर विकावे लागत असेल तर तो कर अन्यायच. त्यावर उपाय आहेत. राहत्या घराला सूट देता येते, कर हप्त्यांनी घेता येतो. दक्षिण कोरियात सॅमसंगचे ली कुन-ही 2020 मध्ये वारले. त्यांच्या वारसांनी 12 लाख कोटी वॉनपेक्षा जास्त कर भरायचे मान्य केले, पण पाच वर्षांच्या हप्त्यांत.

तिसरी अट पळवाटांची. मरणापूर्वी मालमत्ता नावावर करून दिली की कर चुकतो, म्हणून ब्रिटनमध्ये मृत्यूपूर्वीच्या सात वर्षांतल्या भेटीही हिशेबात धरतात. पळवाटा उघड्या ठेवल्या तर मोठे मासे निसटतात आणि कर मध्यमवर्गाच्या गळ्यात पडतो. स्वीडनसारख्या समतावादी देशानेही 2004 च्या अखेरीपासून वारसा कर बंद केला, हे विसरून चालणार नाही. जपान मात्र आजही वरच्या टप्प्यात 55 टक्के घेतो. म्हणजे कर चांगला की वाईट हे त्याच्या नावावरून ठरत नाही, त्याच्या नियमांवरून ठरते.

आपल्या घरातला हिशेब

शेवटी थोडे कडू बोलते. सरकारने वारशातून 10 टक्के मागितले तर आपण रस्त्यावर उतरू. पण बहिणीचा पूर्ण हिस्सा जातो तेव्हा घरात कोणी आवाज काढत नाही. वारस नोंदीच्या वेळी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिच्या लग्नात खर्च केला, दहेज दिले, असे सांगितले जाते. दहेज म्हणजे विरासत नव्हे. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, त्याला राजीखुशी म्हणायचे का?

वरच्या उदाहरणात तिन्ही बहिणींनी हक्क सोडला तर 90 लाख दोघा भावांकडे जातात. प्रत्येकाचा हिस्सा 60 लाखांवरून 1 कोटी 5 लाख होतो. मग तेच भाऊ त्या काल्पनिक कराच्या कक्षेतही येतात. वाटून दिले असते तर कोणालाच कर लागला नसता.

म्हणून वारसा कराची चर्चा पुन्हा निघाली की घाबरून मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. कर कोणावर आहे, मालमत्तेवर की हिश्शावर? सूट किती आणि राहत्या घराचे काय? मोठ्यांसाठी पळवाट ठेवली आहे का? आणि तोपर्यंत एक काम हातात आहेच. वालिद गेले असतील आणि वाटणी राहिली असेल, तर एखाद्या आलिमांकडून हिस्से लिहून घ्या, वकिलाकडून कागद करून घ्या आणि सातबारा असो की प्रॉपर्टी कार्ड, बहिणीचे नाव त्यावर लावा.